ज्यांना रेल्वेत काका नाही

दिवाळीनंतरच्या रविवारी बडोद्याच्या दांडिया बाजारात एका ओळखीच्यांकडे फराळाला जमलो होतो. चकलीची ताटली फिरून परत यायच्या आत वाद पेटला. विषय वेटिंग तिकिटाचा. २०२५च्या मे महिन्यापासून वेटिंगवाल्यांना स्लीपरच्या आणि एसीच्या डब्यात पाय न ठेवू देण्याची अंमलबजावणी कडक झाली. नियम जुनाच; आता टीसी तो खरोखर पाळायला लावतात, विनातिकीट धरून दंड करतात, नाहीतर जनरलच्या डब्याकडे पिटाळतात. एक बाजू म्हणत होती, "उत्तम झालं. साठ दिवस आधी उठून तिकीट आम्ही काढायचं, आणि रात्री बाराला आमच्या पायाशी तिघांनी येऊन टेकायचं, 'जरा ॲडजस्ट करा ना' म्हणत?" दुसरी बाजू म्हणत होती, "मग गरिबानं जायचं कसं? पैसे तर त्यानंही भरलेत ना?" दीड तास झाला, चहा दोनदा झाला, कुणी तसूभर हललं नाही. मी गप्प होते. दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर भांडत होत्या: त्या माणसाला डब्यात चढू द्यायचं की नाही. मुळात खिडकीवर त्याला काय विकलं गेलं होतं, हे कुणीच विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. वेटिंगचं तिकीट विकायला माझी हरकत नाही. पण ते लॉटरीचं तिकीट आहे, आणि लॉटरी अशी, की किती बक्षिसं निघणार याचा चांगला अंदाज विकणाऱ्याकडे असतो आणि घेणाऱ्याला तो कुणी सांगत नाही. डब्याच्या दारात जी भांडणं होतात त्यांचं मूळ दोन महिने मागं असतं, तिकिटावर छापलेल्या चार अगम्य अक्षरांत. ती अक्षरं जोवर माणसाच्या भाषेत उलगडून सांगितली जात नाहीत, तोवर वेटिंगवाल्याला बेशिस्त म्हणायचा अधिकार रेल्वेला नाही, आणि फराळाला बसलेल्या आपल्याला तर नाहीच नाही.

घरचंच उदाहरण देते. माझी आत्या बाबाजीपुऱ्यात राहते, वय अडुसष्ट, हिशोबाला इतकी पक्की की भाजीवाला बेरीज करायच्या आधी तिचे सुटे पैसे तयार असतात. नणंदेच्या मुलीचं लग्न पुण्यात होतं. एका एजंटाकडून तिनं आपलं आणि आतोबांचं थ्री टायर एसीचं तिकीट काढलं आणि मला फोन केला. "सात आणि आठ नंबर आलाय गं. सातच! मागच्या खेपेला छत्तीस होता, तेव्हासुद्धा झालं होतं." मी जाऊन कागद बघितला. सातच्या आधी लिहिलं होतं, आरएलडब्ल्यूएल. मागच्या खेपेला ती अहमदाबादहून, लेकीकडून निघाली होती, आणि तेव्हाच्या छत्तीसच्या आधी जीएनडब्ल्यूएल असं होतं. हा फरक मी तिला सांगितला. ती म्हणाली, "तू उगीच घाबरवतेस. छत्तीसपेक्षा सात लहान की मोठे?"

चार्ट लागला तेव्हा आत्या चारवर आणि आतोबा पाचवर अडकलेले. लेकीचे सासरे त्याच लग्नाला, त्याच गाडीनं, पण अहमदाबादहून निघाले होते. त्यांचं वेटिंग एक्केचाळीस होतं. ते खालच्या बर्थवर चादर घालून बसले होते आणि "तुम्ही कुठल्या डब्यात?" असा फोन करत होते. आत्याचं तिकीट आपोआप रद्द झालं, माणशी ६० रुपये आणि वर कर कापून पैसे परत यायचे होते, आणि त्या रात्री ती रुखवताचे तीन डबे मांडीवर घेऊन खाजगी बसनं पुण्याला गेली. डब्यांतल्या साखरेच्या खेळण्यांपैकी बाळंतविड्याचा पाळणा फुटला. त्याबद्दल ती आजही एजंटाला बोल लावते, आणि एजंट म्हणतो, "मासी, मैं तो टिकट देता हूँ, सीट थोडी देता हूँ." त्याचंही खोटं नाही.

आता हे सात आणि एक्केचाळीसचं कोडं काय आहे ते नीट मांडते, कारण यातच सगळी गोम आहे. आपल्याला वाटतं, गाडीची वेटिंग लिस्ट म्हणजे एक रांग. ती एक रांग नसते. गाडी जिथून सुटते तिथला आणि आसपासचा एक मोठा सर्वसाधारण कोटा असतो. त्याची रांग जीएनडब्ल्यूएल. वाटेतल्या महत्त्वाच्या स्टेशनांना वेगळे, छोटे कोटे असतात. त्यांची रांग आरएलडब्ल्यूएल. वाटेतल्या बऱ्याच लहान स्टेशनांत मिळून एक सामायिक कोटा असतो, त्याची पीक्यूडब्ल्यूएल. तत्काळची आणखी निराळी. तुमचा नंबर फक्त तुमच्या रांगेतला. आता साधं त्रैराशिक मांडा. आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली तेव्हा रेल्वेनंच कारण दिलं होतं, की ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होतात. धरा, शंभरात वीस. समजा मोठ्या कोट्यात ३०० बर्थ आहेत, तर ६० सुटतील आणि एक्केचाळीस नंबर सहज आत जाईल. समजा बडोद्याच्या कोट्यात १५ बर्थ आहेत, तर सुटतील ३. सात उणे तीन, चार. आत्या बरोबर चारवरच थांबली होती. तिचं गणित चुकलं नव्हतं, तिला छेदच दिलेला नव्हता.

बडोद्याला हे जास्त जाणवतं त्याला कारण भूगोल. मुंबई सेंट्रलपासून ३९२ किलोमीटर, अहमदाबादपासून शंभर. मुंबई–दिल्ली आणि मुंबई–अहमदाबाद हे दोन्ही रस्ते इथं मिळतात. स्टेशनवर उभं राहिलं तर दर थोड्या वेळानं कुठली ना कुठली गाडी धडधडत येते. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, काय मजा आहे तुमची, हव्या तेवढ्या गाड्या! पण त्यातल्या बहुतेक कुठून तरी येतात आणि कुठं तरी जातात. बडोदेकर हा मधल्या स्टेशनचा माणूस. पुण्याला, कोल्हापूरला जाणाऱ्या गाड्या अहमदाबादहून किंवा त्याच्याही पलीकडून भरून येतात, आणि मे महिन्यात, दिवाळीत आपण सगळे पोराबाळांसकट त्या छोट्या कोट्यासमोर उभे असतो. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची गत फारशी निराळी नसावी. तिथंही दिल्लीहून भरलेल्या गाड्याच येतात. इंदूरवाले त्या मानानं सुखी, त्यांच्या स्टेशनातून गाड्या सुटतात. गायकवाडांच्या गादीला हा एक मुद्दा होळकरांकडून हरावा लागला.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करते, आणि ते थोडं नाही. पहिलं म्हणजे कन्फर्म तिकीटवाल्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः रात्रभर पाय आखडून, बर्थच्या कडेला बसलेल्या अनोळखी माणसाच्या पाठीला गुडघा लागू नये म्हणून जागी राहिले आहे. एकट्या बाईनं रात्रीचा प्रवास करताना डब्यात कोण आहे याची काही खात्री हवी, ही मागणी श्रीमंती चोचल्यांची नाही. दुसरं, हे निरनिराळे कोटे कुणी छळ म्हणून केलेले नाहीत. सगळी गाडी एकाच रांगेनं भरली असती, तर अहमदाबाद आणि मुंबईच्या गर्दीत भरूचला, वलसाडला एक बर्थ राहिला नसता. आत्याला ज्या आरएलडब्ल्यूएलनं दगा दिला, त्याच कोट्यातल्या पंधरा बर्थांवर बडोद्याचेच पंधरा जण निजून गेले. गुंतागुंत आहे ती न्यायासाठी आहे. तिसरं, वेटिंग बंद केलं तर रद्द झालेल्या जागा रिकाम्या धावतील, आणि त्यात देशाचं नुकसान. चौथं, काही सुधारणा झाल्या आहेत. चार्ट पूर्वी गाडीच्या चार तास आधी लागायचा, २०२५च्या जुलैपासून आठ तास आधी लावायचं ठरलं. दुसरी सोय बघायला माणसाला थोडी उसंत मिळाली. तत्काळला आधार जोडलं, एजंटांना पहिला अर्धा तास बाहेर ठेवलं. हे चांगलंच.

पण या सगळ्यातून माझ्या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. गुंतागुंत न्यायासाठी आहे, कबूल. मग तो न्याय ज्याच्यासाठी आहे त्याला समजू नये, असं का? न्यायालयाचा निकाल पक्षकाराला न सांगता फाइलीत ठेवला, तर त्याला आपण न्याय म्हणू का? आणि कन्फर्मवाल्याची तक्रार रास्त आहे म्हणूनच विचारते: त्याच्या पायाशी बसलेला माणूस तिथं का आला? हौस म्हणून कुणी स्लीपरच्या पॅसेजमध्ये, संडासाच्या दारालगत वर्तमानपत्र अंथरून वापीपर्यंत जात नाही. त्याच्या हातात रेल्वेनं दिलेला कागद आहे. खिडकीवरचं वेटिंग तिकीट ऑनलाइनसारखं आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत स्वतः रद्द करावं लागतं. ते त्याला माहीत नाही. कागदावर गाडीचा नंबर आहे, तारीख आहे, त्याचं नाव आहे, भाडं पूर्ण घेतलेलं आहे. त्याच्या लेखी ते तिकीट आहे. तुम्ही त्याला बेशिस्त म्हणता. तो स्वतःला फसवला गेलेला समजतो. दोघांच्याही मधून टीसी पावतीपुस्तक काढत जातो.

१९१७ साली गांधीजींनी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानं जाऊन त्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं. डब्यावर २२ माणसांची पाटी होती. पुण्यापर्यंत संख्या त्यापुढं गेली नाही, आणि त्याचं कारण त्यांनी जे दिलं आहे ते वाचून मी थबकले होते: आतल्या दांडगटांनी बाहेरच्यांना दारातच अडवून धरलं म्हणून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही गर्दीचा बंदोबस्त प्रवाशांनीच प्रवाशांचा करायचा होता. कंपनी तिकिटं विकून मोकळी. आज आपण फराळाच्या ताटाशी बसून जे करतो ते याहून वेगळं काय आहे? दाराशी उभं राहून आत कोणी यायचं यावर आपण हमरीतुमरीवर येतो, आणि बाविसाच्या डब्याची तिकिटं किती जणांना विकली हा प्रश्न खिडकीपाशीच राहून जातो.

इथं हमखास एक उत्तर येतं, आणि बडोद्यात तर फार ठसक्यात येतं: "शिकायला नको का? इथला पानवाला शेअरबाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्स समजून घेतो, मग रेल्वेचे चार कोटे समजायला काय झालं?" हा मुद्दा मला सगळ्यात भारी वाटतो, कारण तो खरा आहे. गरज पडली की माणूस काहीही शिकतो. पण शेअरबाजारातच बघा ना. तिथं विकणाऱ्यानं काय काय सांगितलंच पाहिजे याचे नियम सेबीनं घालून दिले आहेत. म्युच्युअल फंडाची जाहिरात कितीही गोड असो, शेवटी तो माणूस भरभर का होईना पण जोखमीचं वाक्य म्हणतो. बिस्किटाच्या पुड्यावर वजन, किंमत, तारीख छापावी लागते. रेशनच्या दुकानात साठ्याचा फलक लावावा लागतो. आणि हजार-दोन हजार रुपयांचं, एखाद्याच्या लग्नाला पोचणं न पोचणं ज्यावर अवलंबून आहे असं तिकीट मात्र चार अक्षरं छापून दिलं की झालं? बरं, तिकिटावर जागा नाही म्हणावं तर तसंही नाही. प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच रक्कम रेल्वे वसूल करते, हे वाक्य आपल्या तिकिटावर छापलेलं असतं. आम्ही तुमच्यावर किती उपकार करतो हे सांगायला जागा आहे. तुम्हाला जागा मिळेल का, हे सांगायला नाही.

त्या ५७ टक्क्यांचं उत्तरही देऊन टाकते. भाडं स्वस्त आहे, हे खरंच. देशात रोज दोन कोटींच्या वर माणसं या स्वस्ताईवर कामाला, शिकायला, दवाखान्यात जातात आणि त्याबद्दल कृतज्ञ असावं. पण स्वस्त वस्तू विकताना ती काय आहे हे सांगायचं नाही, असा धंद्याचा कुठला नियम आहे? खंडेराव मार्केटमधली भाजीवालीसुद्धा स्वस्तातले टोमॅटो देताना "थोडे नरम आहेत हं, आजच वापरा" एवढं म्हणते.

मग हे ज्ञान सध्या मिळतं कुठं? काकांकडं. प्रत्येक मराठी घराला रेल्वेत एक काका असतो. आमच्या वाड्यातले प्रतापनगरच्या कचेरीतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्याकडं सुटीच्या आधी महिनाभर लोकांची रीघ लागते. ते चष्मा कपाळावर चढवून सांगतात, "ही गाडी नको, हिला बडोद्याचा कोटा नाही. ती घे. मंगळवारची घे, रविवारची नको. वेटिंग तीनपर्यंत असेल तर काढ, चार असेल तर राहू दे." काका कधी चुकत नाहीत. आणि अगदीच अडलं, तर कुणाचं पत्र कुठं द्यायचं, म्हणजे इमर्जन्सी कोट्यातून काही होईल, तेही त्यांना ठाऊक. काकांबद्दल मला प्रेम आहे. पण जी माहिती सार्वजनिक असायला हवी ती एका माणसाच्या ओसरीवर का मिळावी? आणि दाहोदहून मजुरीला आलेल्या, सयाजीगंजच्या फुटपाथवर गाठोडं टेकून बसलेल्या माणसाला कोण काका? मराठीत याला वशिला म्हणतात. नुसत्या माहितीचा असला, पैसा मधे नसला, तरी वशिलाच.

कुणी म्हणेल, आता ॲप आली, काकांचा जमाना गेला. खरं आहे, २०१८पासून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर कन्फर्म होण्याची शक्यता दाखवतात, खाजगी ॲपं तर टक्केवारीच देतात. म्हणजे अंदाज बांधता येतो, हे सिद्धच झालं. पण तो कुणाला दिसतो? तिकीट स्वतःच्या फोनवर काढणाऱ्याला, आणि तेही त्यानं तिथं बोट लावलं तर. आत्याचं तिकीट एजंटानं काढलं; शक्यता दिसली असेल तर त्याला. खिडकीवर उभ्या असलेल्याच्या हातात पडतो तो कागद, आणि कागद मुका. आमच्याच मुलखातली एक गोष्ट आठवते. १८६२ साली गायकवाड सरकारनं डभोई ते मियागाम रूळ टाकले, देशातली पहिली अरुंद मापाची रेल्वे. पण रूळ इंजिनाच्या वजनाला पेलेनात. मग काय केलं, तर बैल जुंपले. रुळांवरून डबे, आणि पुढं बैल. पुढं १८७३मध्ये रूळ भक्कम करून टाकले तेव्हा तिथं वाफेची इंजिनं नियमित धावू लागली. आपण तिकिटांचं सगळं यंत्र संगणकावर नेलं, त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली. आणि समजून घ्यायची गाडी अजून काकाच ओढतायत.

त्याच बडोद्यानं दुसरंही एक करून दाखवलं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सबंध राज्यात नेलं. १९१०मध्ये अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या. ज्याला वाचायचं असेल तो येईल शहरात, असं म्हणून महाराज स्वस्थ बसले असते तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. त्या काळी बाकी बहुतेक राज्यकर्ते तसेच बसले होते. ज्ञान लागणाऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं हे सरकारचं काम आहे, हे ज्या शहरानं शंभर वर्षांपूर्वी पाहिलं, त्या शहरातल्या लोकांनी "शिका की, कुणी अडवलंय?" म्हणावं याचं मला जरा वाईट वाटतं. आणि योगायोग असा, की रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शिकवणारी राष्ट्रीय अकादमी कित्येक वर्षं याच गावात, लालबागेत, प्रतापविलास राजवाड्यात भरली. अधिकाऱ्यांना रेल्वे समजावी म्हणून राजवाडा. प्रवाशाला समजावी म्हणून एक ओळ मागते आहे.

ओळ कसली, तेही सांगते, नाहीतर म्हणाल नुसती टीका. आत्याच्या तिकिटावर गुजरातीत किंवा हिंदीत एवढंच छापायचं होतं: "ही रांग फक्त बडोद्याची. गेल्या वर्षी याच आठवड्यात या रांगेत तीनपर्यंत जागा मिळाली." रेल्वेकडं हा आकडा प्रत्येक गाडीचा, प्रत्येक तारखेचा पडून आहे. खिडकीवरच्या कारकुनानं तो वाचून दाखवायचा. आणि जिथं दरवर्षी तीनच्या पुढं कुणी सरकतच नाही, तिथं तीस नंबरपर्यंत तिकिटं फाडायची नाहीत. लोकांचे पैसे दोन महिने अडकवून, वर माणशी ६० रुपये कापून घेण्यासारखी ती आशा नाही.

यावर मला मिळालेला आक्षेप असा, की अंदाज चुकला तर लोक भांडायला येतील. येऊ देत. हवामान खातं रोज अंदाज देतं, चुकतं, शिव्या खातं, आणि तरीही पेरणीआधी शेतकरी तेच ऐकतो. दुसरा आक्षेप, दलाल याचा गैरफायदा घेतील. दलालांना हे आजच माहीत आहे हो! माहीत नाही ते फक्त सरळ मार्गानं जाणाऱ्याला. तिसरा, "गाड्या वाढवल्या की सगळं आपोआप सुटेल." वाढवायलाच हव्यात, मूळ दुखणं तेच आहे. मालगाड्यांसाठी वेगळे रूळ झाले तसतशी जुन्या मार्गावर जागा मोकळी होईल, मुंबई–साबरमती बुलेट ट्रेनला बडोद्यात स्टेशन होतंय. पण आत्याला साबरमतीला जायचं नाही, पुण्याला जायचं आहे. आणि कितीही गाड्या सोडल्या तरी लग्नसराईत रांग राहणारच.

इथं मधू दंडवत्यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्या होत्या. तेव्हाही हेच म्हणता आलं असतं, की आधी गाड्या वाढवू, रूळ वाढवू, गादीचं मग बघू. त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम घातला. वर्गच नसलेली गीतांजली एक्सप्रेस त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई आणि हावड्यादरम्यान सुरू झाली. फोमनं एकही जागा वाढली नाही, गर्दी तसूभर कमी झाली नाही. पण एकदा घातलेली ती गादी काढून घ्यायची पुन्हा कुणाची छाती झाली नाही. तिकिटावरची ती एक ओळ माझ्या लेखी त्या दोन इंचांसारखीच आहे.

ती छापून येईतो आम्ही आमची सोय पाहिली. पाळणा फुटल्यावर आत्यानं काकांची ओसरी गाठली. या मे महिन्यात परत पुण्याला जायचं होतं, बारशाला. काकांनी युक्ती सांगितली: तिकीट बडोद्याहून काढूच नको. अहमदाबादहून काढ, मोठ्या कोट्यातलं, आणि चढायचं स्टेशन बदलून बडोदा करून घे. नियमात बसतं. तिकीट कन्फर्म निघालं. अहमदाबाद ते बडोदा या शंभर किलोमीटरचे जास्तीचे पैसे तिनं कुरकुर न करता भरले. गाडी आली, आत्या चढली, खालचा बर्थ, खिडकी, सगळं मनासारखं. सुरत गेल्यावर तिनं मला फोन केला. मला वाटलं, पोचल्यावरचं काही सांगायचं असेल.

"एक विचारू का गं," ती म्हणाली. "मी येईपर्यंत, नडियादला, आणंदला, ही माझी जागा मोकळीच होती. समोरची बाई सांगत होती. तिथलं कुणी सातवर अडकलं असेल का?"